दुर्बिणीचं माउंट किती ओझं पेलेल? आधी काट्यावर बघा, मग रानात

माउंट, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसवतात तो फिरता आधार, घरी आलं की खोक्यावरचा आकडा आधी डोळ्यात भरतो. दहा किलो लिहिलंय म्हणजे दहा किलो पेलणार, असं मीही धरून चाललो होतो. आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, सगळं मिळून साडेनऊ किलो. यावलकडच्या एका केळीच्या बागेशेजारी शनी लावला. फोकसच्या चाकाला बोट लागलं की शनी जो डुलायला लागायचा, तो पाच-सहा सेकंद थांबायचाच नाही. शेतमालक काकांनी डोळा लावला आणि म्हणाले, "हाई ते पाळणाच शे, भाऊ!"

तेव्हापासून मी आधी तोलतो. बॅगा तोलायचा टांगता काटा असेल तर उत्तम. नसेल तर घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग दुर्बिणीची नळी कवेत घेऊन, आणि वजाबाकी करा. नळी तिच्या कड्या आणि खालच्या डव्हटेल पट्टीसकट (जिने ती माउंटवर बसते) तोलायची. लोक नेमकं तेच विसरतात. माझ्या आताच्या सहा इंचीचा हिशेब असा: नुसती नळी 5.2 किलो, कड्या आणि पट्टी 1.1, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) 0.4, कॅमेरा 0.8, कोमा करेक्टर (फोटोच्या कडेचे तारे नीट दिसावेत म्हणून लावायचं भिंग) 0.3, गाइडस्कोप (फोटो काढताना ताऱ्यावर नजर ठेवणारी छोटी दुर्बीण) त्याच्या कॅमेऱ्यासकट 0.9. झाले 8.7. "पाच किलोची दुर्बीण आहे" म्हणता म्हणता हे होतं. काउंटरवेट, म्हणजे तोल साधायला दुसऱ्या बाजूच्या दांडीवर लावायचं वजन, यात धरू नका. बहुतेक कंपन्या माउंटची क्षमता ते सोडूनच सांगतात. तरी माहितीपुस्तिकेत एकदा बघून घ्या.

आता खोक्यावरच्या आकड्याला कात्री लावा. दुर्बिणीला डोळा लावून फक्त बघायचं असेल तर तीन चतुर्थांशापर्यंत जा. फोटो काढायचे असतील तर निम्मं धरा, फार तर दोन तृतीयांश. ईक्यू6-आर प्रो या माउंटवर 20 किलो लिहिलेलं असतं. फोटोसाठी मी त्याला दहा ते तेरा किलोचं माउंट समजतो. डोळा थोडी थरथर माफ करतो, कॅमेरा करत नाही. आकाश दर सेकंदाला सुमारे 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकतं, आणि पाच मिनिटांच्या फोटोत तारा एक-दोन विकलांच्या आत धरून ठेवायचा असतो.

पण नुसत्या किलोंनी भागत नाही. बैलगाडीत माल किती भरला यापेक्षा तो कुठे भरला यावर ती उलाळ होते की बैलांच्या मानेवर येते हे ठरतं. इथेही तसंच. आखूड, जाडजूड आठ किलोची नळी जे माउंट आरामात सांभाळतं, तेच मीटरभर लांब आठ किलोच्या नळीपुढे हात टेकतं. लांब नळीच्या टोकाशी वारा लागला की तिची तरफ होते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो.

काउंटरवेटचंही हेच. 2.5 किलोचं वजन दांडीवर 40 सेंटिमीटरवर लावा किंवा 5 किलोचं 20 सेंटिमीटरवर, गुणाकार शंभरच, तोल दोन्हीकडे सारखाच. पण फिरवताना आणि थांबवताना अंतराचा वर्ग मोजला जातो, म्हणून टोकाला लावलेलं हलकं वजन दुप्पट जड जातं. तेव्हा जड वजन अक्षाजवळ लावा. माउंटवरचं एकूण ओझं वाढतं, पण कंप लवकर विरतो.

आपल्याकडची खास अडचण वेगळीच आहे, आणि परदेशी व्हिडिओंत ती सहसा दिसत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार हा सगळा पट्टा अक्षांश 21 च्या आसपास. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर, सातपुड्याच्या रेघेच्या थोडाच वर. इक्वेटोरियल माउंटचा, म्हणजे आकाशाबरोबर फिरणाऱ्या माउंटचा, ध्रुवाकडे रोखलेला ध्रुवअक्ष तितकाच खाली झुकवावा लागतो, त्यामुळे सगळं ओझं उत्तरेकडे पुढे येतं. तीन गोष्टी करा. ट्रायपॉडचा एक पाय बरोबर उत्तरेला ठेवा, नाहीतर जड नळीने माउंट पुढे कलंडू शकतं. मग नळी चढवण्याआधी, नुसतं काउंटरवेट लावून अक्ष हाताने सावकाश फिरवा. इतक्या कमी अक्षांशावर वजन त्याच उत्तरेच्या पायाला आपटू शकतं. आपटत असेल तर ते दांडीवर वर सरकवा आणि कमी पडेल तेवढं जास्तीचं वजन जोडा. तिसरं, उंची बदलायचा बोल्ट पूर्ण ओझं असताना पिळू नका. अक्ष जितका आडवा तितका त्या बोल्टवर ताण जास्त. मी एक वाकवून बसलोय. नळी उतरवा, 21 अंशांवर आणा, मग चढवा. नंतर उरलं तर अगदी बारीक फिरवणं.

शेवटची परीक्षा रात्रीची. ट्रायपॉडचे पाय होतील तेवढे आखूड ठेवा. शंभर-दीडशेपट मोठं करून एक तारा मध्ये घ्या, नळीला टिचकी मारा आणि मनात मोजा. दोन सेकंदांत शांत झाला तर माउंट सुखात आहे. तीन-चार लागले तर बघण्यापुरतं चालेल. त्याहून जास्त लागले तर आधी जमीन तपासा. काळ्या मातीत पाय हळूहळू रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. गच्चीवर असाल तर बाकीच्यांना दोन मिनिटं जागचे हलू नका म्हणा.

जमीन ठीक असेल तर ओझं उतरवा, आणि सुरुवात गाइडस्कोपपासून करा. तोरणमाळला, 1100 मीटरहून उंच, वारा सुटला की मी कॅमेराही काढून ठेवतो आणि साधी आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावून तेजोमेघ बघत बसतो.