काशासा घरी आली आहे? आधी कायपिरीन्या, मग प्रयोग

सुरुवात नावापासून. बाटलीवरच्या पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'सी'ला खाली छोटी शेपटी असते, तिचा उच्चार 'स'. म्हणजे काशासा. मी बरेच दिवस बिनधास्त 'कचाका' म्हणत होतो. ब्राझीलमध्ये हिला लाडाने 'पिंगा'ही म्हणतात. मंगळागौरीशी काही संबंध नाही, पण हे नाव मराठी माणूस विसरणार नाही.

काशासा म्हणजे ताज्या उसाचा रस आंबवून गाळलेली दारू. रम बहुतेक वेळा मळीपासून होते, ही रसापासून. साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्यांना मळी आणि रस यांच्या वासातला फरक समजावून सांगावा लागत नाही. ब्राझीलच्या कायद्याप्रमाणे तिच्यात अल्कोहोल ३८ ते ४८ टक्के असते. कॉकटेल सरबतासारखे लागले तरी ४० टक्क्यांच्या ६० मिलीत साधारण १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. तेव्हा प्रयोगाच्या दिवशी जेवून बसा, पाणी जवळ ठेवा आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. महाराष्ट्रात परवान्याचेही बघून घ्या.

पहिली पायरी: नुसती चाखा

छोट्या ग्लासात १५ मिली घ्या, बर्फाशिवाय. आधी वास, मग बारीक घोट, मग दोन-चार थेंब पाणी टाकून पुन्हा घोट. पांढरी काशासा (बाटलीवर 'प्राता' किंवा 'ब्रांका') असेल तर रसवंतीसमोरून जाताना येतो तसा ओला, हिरवट वास येईल. लाकडी पिंपात मुरवलेली असेल तर गोष्ट वेगळी. ब्राझीलमध्ये ओकखेरीज तिथलीच झाडेही पिंपांसाठी वापरतात. आंबुराना लाकडाने दालचिनी-व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो, तर जेकितिबा रंग-वास फारसा न देता दारू नुसती मवाळ करते.

तो हिरवट वास लक्षात ठेवा. ज्या कॉकटेलमध्ये तो शोधूनही सापडत नाही, त्यासाठी ही बाटली उघडू नका, व्होडका पुरेल. ब्राझिली लोकही कायपिरीन्या या काशासाच्या कॉकटेलमध्ये व्होडका घातली की पेयाचे नाव बदलून 'कायपिरोस्का' करतात.

दुसरी पायरी: कायपिरीन्या नीट जमवा

काशासा, लिंबू, साखर, बर्फ. एवढेच. ब्राझीलने २००३ साली सरकारी आदेशात तिची व्याख्याच करून टाकली. पदार्थ इतके कमी असल्यामुळे लपायला जागा नाही, म्हणून सगळ्या प्रयोगांची मोजपट्टी हीच.

एका ग्लासाला ६० मिली काशासा, म्हणजे आपला लार्ज पेग. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत साखर ४ छोटे चमचे आहे. मला ते फार होते. २ पासून सुरू करा.

लिंबाकडे जास्त लक्ष द्या. ब्राझीलमध्ये मोठे, हिरवे, बिनबियांचे ताहिती लिंबू वापरतात. आपले कागदी लिंबू लहान, बियांचे आणि जास्त आंबट, म्हणून दीड पुरे. घट्ट आणि हिरवट बघून घ्या. दोन्ही टोके उडवा, उभे दोन भाग करा आणि मधली पांढरी दोरी सुरीने तिरकी कापून काढा. बियाही काढा. कडवटपणा बहुतेक त्या पांढऱ्या भागातूनच येतो. मग प्रत्येक अर्ध्याच्या तीन-चार फोडी करा.

जाड बुडाच्या बुटक्या ग्लासात फोडी आणि साखर घाला. साल खाली, गर वर. लाटण्याच्या टोकाने दाबून हलकेच फिरवा, पाच-सहा वेळा. बुडाला रस दिसला आणि सालीचा वास नाकापर्यंत आला की थांबा. पहिल्यांदा मी लसणाची चटणी वाटतोय अशा आवेशात कुटले होते, ते पेय कडू काढ्यासारखे झाले. साखर दाणेदारच हवी. दाणे सालीवर घासले जातात आणि तिच्यातले सुगंधी तेल बाहेर येते. पिठीसाखरेने ते होत नाही, पाकाने तर नाहीच.

आता ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. बर्फ कमी घातला तर 'कडक' राहील हा गैरसमज आहे, दोन खडे पटकन वितळतात आणि पेय पाणचट होते. वरून काशासा ओता, चमचा तळाशी घालून खालून वर हलवा, एक मिनिट थांबा. गाळायचे नाही.

चव बघा. फार आंबट असेल तर अर्धा चमचा साखर. घशाला झोंबत असेल तर अजून हलवा, बर्फाला काम करू द्या. सपक असेल तर लिंबू पिळा. कडू असेल तर उपाय नाही, पुढचा ग्लास नीट करा.

तिसरी पायरी: एका वेळी एकच बदल

प्रयोग ३० मिलीचे करा, बाकी मापे निम्मी. शेजारी मूळ कृतीचा निम्मा ग्लास ठेवा आणि आलटून पालटून घोट घ्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मजा कशामुळे आली ते कळत नाही. माप लगेच लिहून ठेवा, दुसऱ्या ग्लासानंतर स्मरणशक्तीवर विसंबू नये.

पहिला बदल गुळाचा करून बघा. ब्राझीलमधली 'रापादुरा' म्हणजे आपली गुळाची ढेपच. गूळ आणि पाणी समान वजनाने गरम करून पाक करा, गाळा, गार करा. ३० मिलीला दीड छोटा चमचा. पांढऱ्या काशासात तो जरा दादागिरी करतो, मुरवलेलीत छान बसतो.

माझा लाडका प्रयोग मात्र बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, आणि 'काजू' हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आला. गोव्याने त्याची फेणी केली. ब्राझीलच्या ईशान्य भागात बोंडूच्या फोडी काशासाबरोबर खातात आणि त्याची कायपिरीन्याही होते. कोकणात उन्हाळ्यात पिकलेला, न दबलेला बोंडू मिळाला तर चकत्या करा, मीठ चोळून दहा मिनिटे ठेवा, धुऊन घ्या. घसा धरणारा तुरटपणा त्याने कमी होतो. निम्म्या ग्लासाला दोन-तीन चकत्या, लिंबाच्या दोनच फोडी, साखर नेहमीपेक्षा कमी. कपडे सांभाळा, डाग जात नाहीत.

नारळाची 'बातिदा', म्हणजे घुसळलेले कॉकटेल, मिक्सरमध्ये होते. ६० मिली काशासा, ६० मिली घट्ट नारळाचे दूध, २ मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क, मूठभर बर्फ. लिंबू नको, दूध फुटते.

मुरवलेली काशासा कुटलेल्या लिंबात घालवू नका. ५० मिली काशासा आणि २५ मिली गोड लाल व्हर्मूथ (वनस्पती-मसाल्यांचा स्वाद दिलेली वाइन) बर्फावर अर्धा मिनिट हलवून गाळा, वर संत्र्याची साल पिळा. याचे नाव 'हाबो जी गालू', म्हणजे कोंबड्याची शेपटी. 'कॉकटेल' या शब्दाचे सरळसोट भाषांतर.

शेवटचा प्रयोग गरम. ब्राझीलमध्ये जून थंडीचा, आणि सेंट जॉनच्या जत्रांत 'केंताऊं' पितात. १०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवून सोनेरी करा. इंचभर आल्याच्या चकत्या, ५-६ लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि संत्र्याची साल टाका. मग ३०० मिली गरम पाणी हळूहळू ओता, उसळेल, हात लांब ठेवा. दहा मिनिटे उकळा. तिथे बरेच जण काशासाही यातच उकळतात, पण दारूची वाफ आचेवर पेट घेते. म्हणून आधी गॅस बंद, पातेले खाली, आणि मगच २५० मिली काशासा. झाकण ठेवून पाच मिनिटांनी गाळा. पाच-सहा कटिंग होतात.