इंजिन खाली आहे ना, मग रॅकही आत्ताच उतरवा

घाटंजीकडच्या जुन्या अल्टो माझ्याकडे बोअर-पिस्टनच्या कामाला येतात. चेन कुप्पीवर इंजिन लटकलं की मी गिऱ्हाइकाला आधी बोलावतो आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्याला आवळलेला स्टेअरिंग रॅक दाखवतो. स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी ही दात्यांची दांडी. एरवी तिथं पाना शिरवायला बोटं सोलून निघतात. आता सगळं उघडं आहे. तरी "भाऊ, इंजिनाचाच खर्च लय होऊन राहिला" हे उत्तर ठरलेलं. इंजिन बसल्यावर रॅक काढायचा तर मजुरी नव्यानं द्यावी लागेल, एवढंच मी सांगतो.

रॅक उगाच बदलायचा नाही. टाय रॉड एंड (रॅकच्या दांडीला चाकाशी जोडणारं टोक) सोडवा आणि पिनियन (रॅकचे दात फिरवणारं छोटं दातेरी चाक) हातानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधे ढिला आणि दोन्ही टोकांना घट्ट लागला, तर दात झिजलेत. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून मधले दात आधी जातात. काही जण रॅकवरच्या ॲडजस्टरचा स्क्रू आवळून मधला खेळ, म्हणजे ढिलेपणा, काढतात. मग पूर्ण वळवताना रॅक जाम होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही. असला जुगाड मी करत नाही. खेळ नुसता टाय रॉड एंडमधे असेल, तर एंड बदला, रॅक राहू द्या.

आमच्याकडे रॅक मरतो तो बुटामुळे, म्हणजे रॅकच्या टोकांवरच्या घडीदार रबरी टोपणामुळे. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती रबरी बुटाच्या घड्यांत बसते, वाळून कडक होते आणि वळताना घडीवरच चीर पडते. तिथून पाणी-गाळ आत गेला की ग्रीसचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं. म्हणून रॅक नवा घेताना बूट, त्यांचे क्लॅम्प आणि माउंटिंगची रबरं नवीनच घ्या.

उतरवताना बॅटरी सोडा, चाकं सरळ करा आणि स्टेअरिंग दोरीनं सीटला बांधून टाका. एअरबॅगची गाडी असेल तर हे विसरायचंच नाही, कारण सुटलेलं स्टेअरिंग गरगर फिरलं तर स्टेअरिंगच्या चाकाखालची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली वायरपट्टी) तुटते. मग कॉलमच्या (स्टेअरिंगच्या दांड्याच्या) जॉइंटवर आणि पिनियनवर मिळून एक खूण करा. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच डिझेल पाजून ठेवा. टाय रॉड एंडची कॉटर पिन (नट फिरू न देणारी तारेची पिन) काढून नट सैल करा, पण शेवटच्या आट्यांवर राहू द्या. मग पुलर (ओढून सोडवायचं हत्यार) लावा. पुलर नसेल तर नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) डोळ्यावर, म्हणजे एंडचा खिळा बसतो त्या भोकाच्या कडेवर, बाजूनं हातोडी मारा, खिळा सुटतो. खिळ्याच्या आट्यांवर हातोडी मारू नका. लॉक नट सैल करून एंड काढताना किती फेऱ्यांनी निघाला ते पत्र्यावर खडूनं लिहा. जॉइंटचा बोल्ट आणि क्लॅम्प सोडले की रॅक तिरपा करून ज्या बाजूनं निघेल तिकडून काढा. पॉवर स्टेअरिंगचा हायड्रॉलिक रॅक असेल तर पाइपची तोंडं लगेच प्लास्टिकनं बांधा.

आता खरं काम. नवीन रॅक टेबलावर घ्या आणि पिनियन एका टोकाला नेऊन दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा. त्याच्या निम्म्यावर आणा, म्हणजे रॅक मधोमध. दोन्ही बाजूंना बाहेर आलेली लांबी टेपनं मोजून सारखी आहे ना बघा. जुन्या आणि नव्या रॅकची एकूण लांबीही ताडून घ्या, नाहीतर खडूच्या फेऱ्यांना अर्थ नाही.

बसवताना जॉइंट पिनियनवर हातानं सरकला पाहिजे. पिनियनला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतूनच जातो. बोल्ट हातानं आरपार जात नसेल तर जॉइंट पूर्ण बसलेला नाही. काढून पुन्हा बसवा, ठोकून घालू नका. हा बोल्ट निसटला तर स्टेअरिंग हातात फिरतं आणि चाकं जिथल्या तिथं राहतात. क्लॅम्पचे बोल्ट आधी चारही हातानं लावा, मग आळीपाळीनं आवळा. एंडच्या नटाचं भोक कॉटर पिनशी जुळलं नाही तर नट आणखी आवळून जुळवायचा, मागं फिरवून नाही. पिन नवीच घाला.

इंजिन परत चढवण्याआधी स्टेअरिंग सोडून दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. कुठं पाइप किंवा वायर चेपते का, बूट पिळला तर नाही ना, हे आत्ताच दिसतं. इंजिन बसलं की दिसणं बंद.

गाडी जमिनीवर आली की दोरी लावून चाकं अंदाजानं सरळ करा आणि यवतमाळला किंवा जवळच्या मोठ्या गावात मशीनवर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करून घ्या, जाताना हळू. गाडी सरळ पळते पण स्टेअरिंग तिरकं दिसतं, असं झालं तर स्टेअरिंगचं चाक उपटून फिरवू नका. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवायला सांगा, एक जितका आखूड तितका दुसरा लांब.