हिरवा चुडा आणि ग्रीन स्क्रीन

श्रावणात अँकर हिरव्या बांगड्या घालून आली की क्रोमामध्ये (म्हणजे मागच्या पडद्याचा हिरवा रंग काढून तिथे दुसरं चित्र बसवतात त्यात) मनगटच गायब होतं, मागचा नकाशा तिथून आरपार दिसतो. बांगड्या काढ म्हणायचं जिवावर येतं, आणि खरं तर फक्त बांगड्यांचा प्रॉब्लेम नसतोच, जरीवर, चष्म्यावर, मोकळ्या केसांच्या कडेला पडद्याची हिरवी झाक येते ती जास्त छळते.

आम्ही आता हे करतो:

१. अँकरला पडद्यापासून निदान ६-८ फूट पुढे उभं करायचं. निम्मी झाक इथेच जाते.
२. पडद्याचे लाइट वेगळे, माणसाचे वेगळे. वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातला उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, पडद्याची रेघ सपाट दिसली पाहिजे, डोंगर दिसला तर कुठेतरी सुरकुती नाहीतर सावली आहे.
३. मागून, जरा वरून केसांवर एक बॅकलाइट.
४. हिरवी साडी किंवा चुडा ठरलेलाच असेल तर सरळ निळा पडदा लावा, मग फक्त निळं काही घालू नका म्हणजे झालं.

एवढं मात्र सांभाळा, राहिलेली झाक काढायला स्पिल सप्रेशन (चित्रातला हिरवा कमी करायची सेटिंग) फार ओढू नका, पिवळी साडी नारिंगी होते आणि चेहरा गुलाबी.