बीपी शूट झाल्यावर शिरेतून औषध लावलं तर काय सांगायचं, काय बघायचं

घरच्या मशीनवर १८०/१२० च्या वर आकडा दिसला की सगळं घर हादरतं, पण नुसता आकडा वाढला म्हणून शिरेतून औषध सहसा देत नाहीत, गोळ्या वाढवून बदलून काम भागतं. मात्र सोबत छातीत दुखतंय, दम लागलाय, जीभ अडखळतेय, एका बाजूचा हात उचलत नाहीये, धूसर दिसतंय किंवा पेशंट काहीतरी भलतंच बोलायला लागलाय तर १०८ ला फोन करा आणि निघा. आणि प्लीज, कोणी कितीही सांगितलं तरी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकू नका, पूर्वी सर्रास टाकायचे पण त्याने बीपी धाडकन पडून हार्ट अटॅक आणि लकवे झालेत.

निघताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. कॅज्युअल्टीत कोणी विचारायची वाट न बघता सांगून टाका, दमा आहे का (लॅबेटॅलॉल हे शिरेतून द्यायचं बीपीचं औषध दम्याच्या पेशंटला सहसा देत नाहीत), रोजची गोळी कधीपासून बंद आहे, बाई गरोदर आहे का. व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर लाज बाजूला ठेवून तेही सांगा, कारण त्यावर नायट्रोग्लिसरीन हे शिरेतलं दुसरं औषध लावलं तर बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं.

मग हाताला सुई लावतात, औषध सिरिंज पंपातून थेंबाथेंबाने जातं आणि दंडावरचा पट्टा दर थोड्या मिनिटांनी आपोआप फुगतो. आता सगळ्यात महत्त्वाचं. तासाभराने मॉनिटरवर अजून १७० दिसतंय म्हणून सिस्टरच्या मागे लागू नका! पहिल्या तासात साधारण पाव भागापेक्षा जास्त उतरवायचंच नसतं, मग पुढच्या २ ते ६ तासांत १६०/१०० च्या आसपास आणि नॉर्मल व्हायला एक-दोन दिवस, कारण मेंदू आणि किडनीला जास्त दाबाची सवय झालेली असते, एकदम उतरवलं तर तिथलाच रक्तपुरवठा तुटतो. महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) आतली भिंत फाटली असेल तर मात्र भराभर उतरवतात, स्ट्रोकमध्ये हिशोब अजून वेगळा, ते डॉक्टरांवर सोडा.

लॅबेटॅलॉलने डोक्याच्या कातडीला मुंग्या येतात, नायट्रोग्लिसरीनने डोकं ठणकतं, घाबरू नका पण सिस्टरना सांगा. सुईच्या जागी आग होतेय, हात सुजलाय, चक्कर येतेय किंवा घाम फुटलाय तर लगेच हाक मारायची, राउंडची वाट बघायची नाही. पंप वाजला तर बटणाला हात लावू नका. आणि लघवीला जायचं म्हणून पेशंटला स्वतःहून उठू देऊ नका, उभं राहताच बीपी पडून माणूस कोसळतो, भांडं मागा, संकोच नको.

गोळ्या सुरू झाल्या की पंप हळूहळू कमी करतात. डिस्चार्जच्या वेळी रात्रीची गोळी कुठली ते विचारून ती मेडिकलमधून घेऊनच घरी जा, कारण गोळी मध्येच सुटल्यामुळेच बरेच जण पुन्हा ॲडमिट होतात.