मंडळाच्या कार्यक्रमाला लॉर्ड-लेफ्टनंटना कसं बोलवावं?

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांत गणपती जवळ आले की पाहुण्यांची चर्चा सुरू होते. खासदार आणि महापौर ही नावं लगेच पुढे येतात. लॉर्ड-लेफ्टनंट मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रत्येक काउंटीत राजाच्या वतीने वावरणारी ही व्यक्ती. आपल्याला चटकन राज्यपाल आठवतात, पण विधेयकांवर सही करण्यासारखे अधिकार इथे नाहीत. आठव्या हेन्रीच्या काळात हे पद काउंटीतली फौज उभी करायला निर्माण झालं. १८७१ साली ती जबाबदारी गेली. आता राजघराण्याच्या भेटींची व्यवस्था, पदकं प्रदान करणं आणि समाजसेवा करणाऱ्यांची दखल घेणं ही त्यांची कामं. पगार नाही, पक्षीय राजकारण नाही, वयाच्या पंचाहत्तरीला निवृत्ती.

आधी आपली काउंटी नक्की करा, कारण पत्त्यातली काउंटी आणि लॉर्ड-लेफ्टनंटचं क्षेत्र दर वेळी एकच असेल असं नाही. मग लेफ्टनन्सीच्या, म्हणजे लॉर्ड-लेफ्टनंटच्या, ऑफिसला तीन-चार महिने आधी पत्र पाठवा. सुरुवात ‘डिअर लॉर्ड-लेफ्टनंट’ अशी करा. पत्रात ढोल-ताशाचं वर्णन दोन ओळींत आटपा आणि माणसांबद्दल लिहा: शनिवारी मराठी शिकवणारी ताई, एकट्या आजोबांना डबा पोचवणारी मुलं. ते याच माणसांना भेटायला येतात. त्यांना स्वतःला जमलं नाही, तर डेप्युटी लेफ्टनंट येऊ शकतात. तो कमीपणा मानू नका. तेही लॉर्ड-लेफ्टनंटच्याच वतीने आलेले असतात.

स्वागत कसं करायचं, राष्ट्रगीत लावायचं का, शाल-श्रीफळ चालेल का, हे ऑफिसला आधीच विचारून घ्या. पुरुष लॉर्ड-लेफ्टनंट औपचारिक प्रसंगी गडद निळ्या लष्करी थाटाच्या गणवेशात येतात, त्यामुळे पोरं भोवती गोळा होणारच. होऊ द्या. मात्र पाहुण्यांना तासभर व्यासपीठावर अडकवून ठेवू नका. त्यांना महाप्रसादाच्या पातेल्यापाशी न्या, सकाळपासून मसालेभात ढवळणाऱ्या काकूंची नावानिशी ओळख करून द्या.

मंडळ तीन वर्षांहून जुनं असेल आणि काम मुख्यतः स्वयंसेवकांवर चालत असेल, तर ‘किंग्ज अवॉर्ड फॉर व्हॉलंटरी सर्व्हिस’चाही विचार करा. स्वयंसेवी गटांसाठी हा एमबीईच्या, म्हणजे व्यक्तींना मिळणाऱ्या शाही किताबाच्या, तोडीचा सन्मान. २००२ मध्ये राणीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो सुरू झाला. इथे बरीच मंडळं अडखळतात ती एका नियमावर: आपल्याच मंडळाचं नाव आपण सुचवू शकत नाही. विश्वस्त, कर्मचारी, स्वयंसेवक, कुणीच नाही. तुमच्या कामाचा लाभ झालेला शेजारी किंवा शाळेतले शिक्षक चालतात. पुढची पडताळणी स्थानिक पातळीवर लेफ्टनन्सीच करते. डेप्युटी लेफ्टनंट काम बघायला येतात. त्या दिवशी त्यांना हिशेबाच्या वह्यांइतकाच शनिवारचा वर्गही दाखवा, ‘ळ’ गिरवणाऱ्या मुलांसकट.