आवश्यकतेच्या वाक्याचं टेम्पोरल लॉजिक करताना या चुका टाळा

यंत्रणेने काय करायला हवं हे सांगणारं वाक्य म्हणजे आवश्यकता. ती तपासता यावी म्हणून तिचं टेम्पोरल लॉजिकमध्ये, म्हणजे 'नेहमी', 'कधीतरी' अशा काळाच्या शब्दांना चिन्हं देणाऱ्या तर्कशास्त्रात, सूत्र करतात. वाक्य ठरवलेल्या व्याकरणात बसलं, टूलने सूत्रही काढून दिलं, तरी अर्थ चुकलेला असू शकतो. नासाच्या एम्स केंद्रातलं 'फ्रेट' हे आवश्यकतांची सूत्रं काढून देणारं टूल वापरा किंवा स्वतःचं व्याकरण लिहा, गाडं अडतं ते इथेच.

लिफ्टची एक आवश्यकता घेऊ: 'दारात अडथळा आला की दार उघडावं.' □ म्हणजे नेहमी, ◇ म्हणजे आत्ता किंवा पुढे कधीतरी, → म्हणजे 'असेल तर'. हवं ते सूत्र असं:

□(अडथळा → ◇दार_उघडं)

घाईत लिहिलं जातं ते ◇(अडथळा → दार_उघडं). हे फार घातक आहे. ज्या क्षणी अडथळाच नाही, त्या क्षणी कंसातलं विधान आपोआप खरं ठरतं, आणि असा एक क्षण मिळाला की सूत्र पास. दार माणसावर आपटत राहिलं तरी पडताळणी हिरवा कंदील दाखवणार. ड्वायर, अवरुनिन आणि कॉर्बेट या संशोधकांनी १९९९ साली ५५५ आवश्यकता तपासल्या, त्यांत सगळ्यात जास्त वेळा आढळला तो वरच्या बरोबर सूत्राचाच, 'हे झालं की ते व्हावं' असा 'रिस्पॉन्स' साचा. म्हणून तो तरी चुकता कामा नये.

आता वेळ. वरच्या बरोबर सूत्रातही दार तासाभराने उघडलेलं चालतं. फ्रेटमध्ये वेळ लिहिली नाही तर 'कधीतरी' असंच धरलं जातं, आणि कितीही लांब चाचणी घेतली तरी असं सूत्र मोडलं असं म्हणता येत नाही. किती सेकंदांत, ते ग्राहकाकडून वदवून घ्याच.

फ्रेटमधलं 'व्हेन' अट खोटीची खरी होते तो क्षण पकडतं, 'व्हेनेव्हर' अट खरी असलेला प्रत्येक क्षण. 'लगेच उघडावं' असं लिहिलंय, अडथळा हललेला नाही आणि उघडलेलं दार पुन्हा मिटलं, तर 'व्हेन'ची काही तक्रार नसते. सुरक्षेसाठी इथे 'व्हेनेव्हर'च हवं.

'मजला येईपर्यंत दार बंद' याला सरळ 'अनटिल' (अमुक होईपर्यंत तमुक) हे चिन्ह लावू नका. मजला कधीतरी यायलाच हवा अशी त्याची सक्ती असते. लिफ्ट मध्येच अडकली तर दार बंद असूनही सूत्र खोटं ठरतं. इथे ही सक्ती नसलेलं 'वीक अनटिल' वापरा.

'अडथळा किंवा बटण आणि लिफ्ट थांबलेली' अशा वाक्याचे दोन पार्स ट्री, म्हणजे शब्द जोडून वाचायच्या दोन रीती, होतात. कंस घाला.

शेवटी, सूत्र पास झालं की यंत्रणेच्या त्याच मॉडेलवर □¬अडथळा (¬ म्हणजे नाही; 'अडथळा कधीच नाही') चालवून बघा. तेही पास झालं, तर त्या मॉडेलमध्ये अडथळा कधी येतच नाही आणि आधीचा निकाल पोकळ आहे.