जास्त साखरेने फळमाशीचं आतडं गळतं का? निळ्या रंगाने कसं तपासावं

फळमाशी जेमतेम ३ मिलिमीटरची, पण तिच्या आतड्याचं अस्तर आपल्यासारखंच मूळपेशींतून (नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशींतून) सतत नवं होत असतं. २००६ मध्ये हे दिसलं, आणि तेव्हापासून आहाराचा आतड्यावर होणारा परिणाम तपासायला ती फार उपयोगी ठरली आहे.

आधी दोन प्रकारचं अन्न शिजवा. लिटरमागे साध्या अन्नात ५१ ग्रॅम साखर, गोड अन्नात ३४२ ग्रॅम. यीस्ट, अगर (अन्न घट्ट करणारी पूड) आणि बुरशीरोधक दोन्हींत तेवढंच. साखर विरघळल्यावर मिश्रण फुगतं, म्हणून पाणी शेवटी घालून १ लिटरची खूण गाठा.

आता पाणी. बहुतेकांची चूक इथेच होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड अन्नावरच्या माश्या लवकर मेल्या त्या मुख्यतः शरीरातलं पाणी कमी झाल्याने. वेगळं पाणी मिळताच त्यांचं आयुष्य सावरलं, चयापचयाचा बिघाड मात्र राहिला. म्हणून प्रत्येक अन्नाच्या निम्म्या कुप्यांत १ टक्का अगरने घट्ट केलेलं साधं पाणीही ठेवा. एवढं केलं नाही तर तहानेचं खापर आतड्यावर फुटेल.

माश्या एकाच वयाच्या, मिलन झालेल्या माद्या घ्या, कारण वयानुसार मादीचं आतडं नरापेक्षा जास्त खालावतं. एका कुपीत वीसेक पुरे. तापमान २५ अंश, दर दोन-तीन दिवसांनी ताजं अन्न. मेलेल्या माश्यांची नोंद ठेवाच. आतडं गळणाऱ्या माश्या आधी मरतात आणि उरलेल्या पाहून सगळं ठीक वाटतं.

दर आठवड्याला रात्रभर त्याच अन्नात २.५ टक्के खाण्याचा निळा रंग, ब्रिलियंट ब्लू, मिसळून द्या. सकाळी माश्या थंड करून भिंगाखाली बघा. धडधाकट माशीची सोंड आणि पोटातली नळी तेवढी निळी असते. अस्तर गळकं झालं की रंग आतड्याबाहेर झिरपतो आणि माशी डोक्यापासून पायांपर्यंत निळी होते. तिला 'स्मर्फ' म्हणतात, त्या नावाच्या निळ्या कार्टून पात्रांवरून. पोटातली एकच ठसठशीत निळी पिशवी बघून फसू नका, ती अन्न साठवण्याची जागा आहे. छाती आणि पाय निळे असतील तरच मोजा. कुप्यांवर अन्नाचं नाव न लिहिता आकडे घाला, आणि मोजणाऱ्याला कोणता आकडा कशाचा हे सांगू नका.